चौकाभोवती उभी राहिलेली संस्था : आयुकाच्या वास्तूचा इतिहास

पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात २९ डिसेंबर १९८८ रोजी आयुकाची, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्राची, पायाभरणी झाली. तेव्हा संस्थेजवळ नाव होते, उद्दिष्ट होते आणि ते तडीस नेण्याची जिद्द बाळगणारी मोजकी माणसे होती. ग्रंथालय, संगणक, व्याख्यानकक्ष, निवासस्थाने हे सगळे अजून कागदावर होते. चार वर्षांनी, २८ डिसेंबर १९९२ रोजी, संस्था देशाला अर्पण झाली तेव्हा तिच्या कामाची पद्धत आणि तिची इमारत दोन्ही एकदमच आकाराला आल्या होत्या. म्हणून या संस्थेचा इतिहास सांगताना वास्तूला परिशिष्टात ढकलून चालत नाही. 'आंतरविद्यापीठीय केंद्र' म्हणजे काय, याचे पहिले उत्तर इथल्या दगडी चौकाने दिले. संस्थेची नियमावली त्यानंतर वाचावी.

संकल्पना

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे विज्ञान संशोधनाच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या, त्या बहुतांशी विद्यापीठांच्या बाहेर. त्यांनी मोलाचे काम केले, यात वाद नाही. पण त्यामुळे विद्यापीठांत शिकवणारा प्राध्यापक हळूहळू संशोधनाच्या प्रवाहापासून तुटत गेला. मोठी दुर्बीण, अद्ययावत नियतकालिके, वेगवान संगणक ही साधने प्रत्येक विद्यापीठाला स्वतंत्रपणे परवडणारी नव्हती. त्यावर तोडगा म्हणून १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनेक विद्यापीठांना मिळून वापरता येतील अशी सामाईक केंद्रे काढण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. दिल्लीचे अणुविज्ञान केंद्र हे त्यातले पहिले. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष प्रा. यशपाल स्वतः वैश्विक किरणांचे अभ्यासक होते. खगोलविज्ञानासाठी असे केंद्र हवे हा त्यांचा आग्रह होता आणि त्याची उभारणी डॉ. जयंत नारळीकर यांनी करावी, हाही.

नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्याआधी, १९६६ ते १९७२ या काळात, फ्रेड हॉईल यांनी केंब्रिजमध्ये स्थापन केलेल्या सैद्धांतिक खगोलशास्त्र संस्थेच्या जडणघडणीत त्यांचा सहभाग होता. एखादी संस्था शून्यातून कशी उभी राहते आणि लहान संस्थेतही जगभरच्या शास्त्रज्ञांची ये-जा कशी टिकवता येते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले होते. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातल्या चार नगरांपैकी शेवटचे नगर पुणे. इथे त्यांना प्रा. नरेश दधीच आणि प्रा. अजित केंभावी यांच्यासारखे सहकारी मिळाले. पुढे हे दोघेही संस्थेचे संचालक झाले. पक्की इमारत उभी राहीपर्यंतचे सुरुवातीचे कामकाज 'अदिती' नावाच्या छोट्या वास्तूत चालत असे.

जागा

पुण्याची निवड विचारपूर्वक झाली. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहणार होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा हा प्रकल्प. त्याची सूत्रे हलवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही विद्यापीठाच्याच आवारात येत होते. रेडिओ खगोलविज्ञानाचा शेजार आणि भोवती विद्यापीठाचे वातावरण, असा दुहेरी योग इथे जुळून आला. विद्यापीठाने आपल्या विस्तीर्ण आवारातील सुमारे २० एकर जागा दिली.

या आवाराला स्वतःचा इतिहास होता. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान. बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तिचे बांधकाम सुरू झाले. उंच मनोरा, कमानी, पुढे ऐसपैस हिरवळ, अशी ती लांबूनच पाहणाऱ्यावर छाप पाडते. राज्यकर्त्याच्या घराची मांडणी तशीच असायची. आयुकाला मात्र दुरून दिपवणारी इमारत नको होती. आत आल्यावर आपली वाटेल अशी जागा हवी होती. बाहेरगावच्या महाविद्यालयातून उन्हाळ्याच्या सुटीत चार आठवड्यांसाठी येणारा प्राध्यापक तिथे बिचकू नये, संस्थेतल्या माणसाइतकाच मोकळेपणाने वावरावा, ही अपेक्षा होती.

वास्तुविशारद

हे काम चार्ल्स कोरिया यांच्याकडे आले. मूळचे गोव्याच्या कुटुंबातले, सिकंदराबादला जन्मलेले आणि मुंबईत कारकीर्द घडवलेले कोरिया तोवर देशातल्या अग्रगण्य वास्तुविशारदांत गणले जात होते. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे भारत भवन, पणजीची कला अकादमी, मुंबईची कांचनजंगा ही त्यांची कामे पूर्ण झालेली होती. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेत शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांचा वाटा होता. ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या शाही संस्थेने १९८४ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले होते.

कोरिया यांच्या सगळ्या कामात एक सूत्र दिसते. आपल्या हवामानात माणसाला चार भिंतींच्या खोलीइतकीच वर आकाश असलेल्या जागेची गरज असते, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. अंगण, ओसरी, गच्ची, चौक या जागांना ते इमारतीतला उरलासुरला भाग मानत नसत. सकाळी अंगणात, दुपारी ओसरीत, रात्री गच्चीवर, असा दिवस घालवणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. पण सरकारी इमारत म्हटली की लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना बंद दारे, असा जो साचा रूढ झाला होता, तो मोडायला हा विचार लागला.

आयुकासाठी आणखी एक गोष्ट जुळून आली. प्राचीन काळी मंदिर असो वा नगर, त्याच्या रचनेत त्या समाजाची विश्वाविषयीची समजूत उतरलेली असे, हा कोरिया यांच्या चिंतनाचा आवडता विषय होता. त्याच सुमारास ते जयपूरच्या जवाहर कला केंद्राचे काम करत होते. तिथे त्यांनी सवाई जयसिंगांच्या नगररचनेतला नऊ चौकोनांचा आराखडा घेतला आणि प्रत्येक चौकोन एकेका ग्रहाच्या नावे मांडला. जयपूरला परंपरेतले नवग्रहांचे विश्व होते. पुण्यात त्यांच्यासमोर प्रश्न आला तो विसाव्या शतकाच्या विज्ञानाला दिसलेल्या विश्वाचा. ज्याला मध्य नाही आणि जे सतत प्रसरण पावते आहे, असे विश्व दगडाविटांत मांडायचे कसे? दोन्ही कामे एकाच काळात एकाच वास्तुविशारदाच्या हातून झाली, हा आपल्या वास्तूच्या इतिहासातला मोठा भाग्ययोग आहे.

काळ्या दगडाची भिंत

आयुकात प्रथमच आलेल्या माणसाला आधी जाणवतो तो काळा रंग. पण हा काळा एकच नाही. भिंतीजवळ उभे राहून खालून वर पाहावे. तळाशी स्थानिक बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे बांधकाम आहे. दगड खडबडीत, त्याचा पृष्ठभाग उंचसखल, रंग राखाडीकडे झुकणारा काळा. हात फिरवला तर तळव्याला खरखर लागते. त्यावर कडप्पा. महाराष्ट्रात ज्याने स्वयंपाकघराचा ओटा पाहिला आहे, त्याला या दगडाची ओळख करून द्यायला नको. हा अधिक गडद आणि अधिक सपाट. सर्वांत वर काळा ग्रॅनाइट, आरशासारखा घोटलेला.

नजर वर जाते तसतसा दगड गुळगुळीत आणि गडद होत जातो, आणि शेवटच्या थरात एक गंमत घडते. तो घोटलेला दगड इतका काळा आहे की त्यात समोरचे ढग दिसू लागतात. आषाढात भरून आलेल्या आभाळाखाली भिंतीची वरची कड कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झाले, हे क्षणभर कळत नाही. खालचा थर ओला होऊन जमिनीशी एकजीव झालेला असतो. जमिनीपासून अवकाशाच्या अथांग काळोखापर्यंतचा हा प्रवास एका भिंतीच्या उंचीत बसवला आहे.

या दगडांची निवड केवळ प्रतीकासाठी झाली नाही. तळाचा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकातून थंड झालेला लाव्हा. दख्खनच्या पठाराची सारी जडणघडण त्याचीच आहे. शनिवारवाड्याचे जोते, गडकोटांचे तट, घाटावरची हेमाडपंती देवळे, गावोगावच्या बारवा यांचा दगड हाच. विद्यापीठाची जुनी मुख्य इमारतही याच पाषाणाची. या मातीतल्या पाथरवट आणि गवंड्यांच्या हातांना या दगडाची सवय आहे. तो कुठे फुटतो, कुठे घडवता येतो, दरजा कशा भरायच्या, हे ज्ञान इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. अत्याधुनिक विज्ञानाची संस्था उभी करताना काच आणि पोलाद यांच्याकडे न जाता स्थानिक दगडाकडे जावेसे वाटले, त्यात मोठा आत्मविश्वास होता. आधुनिक दिसण्यासाठी परके दिसावे लागत नाही, हे या भिंतीने दाखवून दिले.

कुंड

भिंती ओलांडून आत आले की मध्यवर्ती चौक लागतो. त्याला सगळे 'कुंड' म्हणतात. मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरापुढचे कुंड, लोणी भापकरची पुष्करणी, साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांची विहीर, अशा पायऱ्यांच्या जलवास्तू आपल्या ओळखीच्या आहेत. पायऱ्या उतरत जाव्यात आणि प्रत्येक पायरीगणिक वरचे आकाश अधिक चौकटबद्ध होत जावे, हा त्यांचा अनुभव. कोरिया यांनी तो जसाच्या तसा उचलला, पण पाण्याची जागा माणसांना दिली. आयुकाच्या कुंडात बसायचे असते, बोलायचे असते, वाद घालायचे असतात.

जुन्या कुंडाची रचना मात्र स्थिर असते. सगळ्या रेषा मध्याकडे येतात आणि तिथे विसावतात. इथे नेमके उलटे केले आहे. मधूनच कशाचा तरी जोर बाहेर पडावा, तशी दगडी रचना तिरप्या दिशेने बाहेर सरकते आणि पुढे हिरवळीवर दगड विखुरलेले दिसतात. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत आणि जितकी दीर्घिका दूर तितका तिचा वेग जास्त, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांतून मांडले. विसाव्या शतकातील विश्वशास्त्राचा पायाच तो. तेच सत्य इथे पायाखाली अंथरले आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली, हे मत नारळीकरांना मान्य नव्हते. हॉईल यांच्यासह त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडले आणि त्यांसाठी ते अखेरपर्यंत ठामपणे झगडले. आयुकातल्या अनेक सहकाऱ्यांचे मत त्यांच्याहून वेगळे होते. पण विश्व प्रसरण पावते आहे, याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नव्हते. कुंडाची रचना नेमक्या त्या सर्वमान्य सत्यापाशी थांबते. कोणत्याही एका सिद्धांताचा शिक्का तिच्यावर नाही. संचालकाचे मत एक आणि संस्थेतल्या संशोधकांचे दुसरे असू शकते, तरीही दोघे एकाच चौकात बसून बोलू शकतात, ही परंपरा आयुकात पहिल्यापासून आहे. त्या परंपरेला शोभेल असाच हा चौक आहे.

कुंडाभोवती चार पुतळे आहेत : आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. पुतळे म्हटले की उंच चौथरा आणि लोखंडी कुंपण डोळ्यांसमोर येते. इथे विद्यार्थी त्यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. देशोदेशींच्या आणि हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या चौघांना एका चौकात आणण्यात विज्ञान ही सर्व मानवजातीची सामाईक कमाई आहे, हे सांगण्याचा हेतू स्पष्ट आहे.

शिकवणाऱ्या जागा

आयुकाच्या आवारात खगोलविज्ञान आणि गणित यांच्या कल्पना ठिकठिकाणी जमिनीवर, छतावर, अंगणात उतरल्या आहेत. एका घुमटाला छोटी छिद्रे आहेत, दिवसा त्यांतून येणाऱ्या प्रकाशामुळे तारकासमूह उमटतात. एका चौकात सियरपिन्स्कीचा त्रिकोण आखला आहे. मोठ्या त्रिकोणातून मधला चौथा भाग काढायचा, उरलेल्या तिन्ही त्रिकोणांतून पुन्हा मधला भाग काढायचा, आणि हे असेच चालू ठेवायचे. आकृती कितीही जवळून पाहिली तरी तीच नक्षी पुन्हा भेटते. पोलिश गणितज्ञ सियरपिन्स्की यांनी १९१५ मध्ये अभ्यासलेली ही रचना पायाखाली पाहिल्यावर, संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या अपूर्णमितीय आकृत्यांची भीती विद्यार्थ्याला वाटत नाही.

दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी आठच्या आकाराची आकृती आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रोश यांच्या नावाने ती ओळखली जाते. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी कोणाच्या गुरुत्वाकर्षणाचा अंमल कुठवर चालतो, याच्या सीमा ती दाखवते. दोन्ही पाकळ्या जिथे एकमेकींना टेकतात तो बिंदू म्हणजे पहिला लाग्रांज बिंदू. तारा फुगून आपली पाकळी भरून गेला की त्याचे द्रव्य या बिंदूवाटे शेजाऱ्याकडे वाहू लागते. शेजारी जर कृष्णविवर असेल, तर तिकडे ओढले जाणारे द्रव्य तापून क्ष-किरण फेकू लागते.

असाच पहिला लाग्रांज बिंदू सूर्य आणि पृथ्वी यांच्या जोडीलाही आहे, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे आदित्य एल-१ हे यान त्याच बिंदूभोवती फिरत सूर्याचे निरीक्षण करते आहे. त्यावरील अतिनील किरणांतून सूर्याची छायाचित्रे घेणारी 'सूट' ही दुर्बीण इस्रोच्या सहकार्याने आयुकाने विकसित केली. ज्या बिंदूची आकृती तीस वर्षांपूर्वी आवारात आखली गेली, त्याच बिंदूकडे संस्थेचे उपकरण गेले. असा योग फार थोड्या संस्थांच्या वाट्याला येतो.

या सगळ्यांत पाहुण्यांना सर्वाधिक वेळ खिळवून ठेवतो तो फुकोचा लंबक. फ्रान्सच्या लिऑन फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये असा लंबक टांगून पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे सर्वांना डोळ्यांनी पाहता येईल असे केले. लांब तारेला टांगलेला जड गोळा संथपणे इकडून तिकडे झुलतो. दोन मिनिटे पाहिले तर काहीच वेगळे घडत नाही. अर्ध्या तासाने परत येऊन पाहावे, तर त्याच्या झोक्याची दिशा खालच्या खुणांवरून थोडी सरकलेली असते. ध्रुवावर ही दिशा सुमारे एका दिवसात पूर्ण फेरी मारते, विषुववृत्तावर मुळीच सरकत नाही. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश, त्यामुळे इथे पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. म्हणजे हा लंबक पृथ्वीचे फिरणे तर दाखवतोच, शिवाय आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत, तेही सांगतो.

नावेत बसलेल्या माणसाला जसे काठावरचे स्थिर वृक्ष मागे जाताना भासतात, तसे पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहिले. त्याचा पुतळा बाहेर कुंडापाशी आहे आणि त्याच्या म्हणण्याचा डोळ्यांना पटणारा पुरावा आत झुलतो आहे. शाळेची सहल आली की शिक्षकांनी मुलांना दोन्हीकडे लागोपाठ न्यावे.

लोकार्पण

संस्था राष्ट्राला अर्पण करण्यासाठी प्रा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आले होते. ताऱ्यांच्या रचनेवरील संशोधनासाठी १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे चंद्रशेखर विज्ञानातील सौंदर्याचेही भाष्यकार होते. सत्य आणि सौंदर्य यांच्या नात्यावरील त्यांची व्याख्याने १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वास्तूच्या प्रत्येक कोपऱ्यात विज्ञान आणि सौंदर्य यांचा मेळ घालणाऱ्या संस्थेला त्यांच्याइतका योग्य पाहुणा दुसरा नव्हता. संस्थेचे सभागृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. भास्कर, आर्यभट, देवयानी, नालंदा, तक्षशिला ही आवारातली इतर नावेही विद्येच्या आणि आकाशाच्या परंपरेतूनच आली आहेत. संशोधक आणि कर्मचारी ज्या वसाहतीत राहतात, ती आकाशगंगा.

वास्तूचा वापर

इमारत चांगली की वाईट हे उद्घाटनाच्या दिवशी ठरत नाही, ती वापरात कशी उतरते यावर ठरते. आयुकाच्या कामाचा कणा म्हणजे तिचे अभ्यागत सहयोगी. देशभरच्या विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील प्राध्यापक ठराविक मुदतीसाठी सहयोगी म्हणून निवडले जातात. वर्षातला काही काळ ते इथे येऊन राहतात, ग्रंथालय आणि संगणक वापरतात, सहकाऱ्यांशी चर्चा करतात आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना त्यात सामील करून घेतात. अशा माणसाच्या हाताशी वेळ थोडा असतो. कोणाकडे काय चालले आहे, हे त्याला लवकर कळले पाहिजे. लांब बोळांच्या इमारतीत त्याची अर्धी मुदत दारांवरच्या पाट्या वाचण्यात गेली असती. इथे ग्रंथालयाकडे जाताना, व्याख्यानाहून परतताना, चहाला निघताना चौकाची बाजू घ्यावीच लागते, आणि तिथे गाठ पडते. सहकार्यातून लिहिलेले कितीतरी शोधनिबंध अशा उभ्याउभ्या झालेल्या बोलण्यातून सुरू होतात, हे संशोधन करणारा कोणीही सांगेल.

संस्थेचे दार शाळकरी मुलांनाही पहिल्यापासून उघडे राहिले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची व्याख्याने, उन्हाळी सुटीतले उपक्रम आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आवारात लोटणारी गर्दी, यांतून आयुका पुणेकरांच्या घरोघर पोहोचली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, आणि तिच्या वास्तूला सप्तर्षींतल्या पुलस्त्य ताऱ्याचे नाव मिळाले. अरविंद गुप्ता यांनी तिथे वर्षानुवर्षे काड्यापेटी, सायकलची नळी, जुने वर्तमानपत्र अशा वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली आणि हजारो मुलांच्या हातांना प्रयोगाची सवय लावली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत. आलेल्या प्रश्नाला त्यांचे उत्तर आणि सही दोन्ही मिळे. प्रश्न विचारणाऱ्याचा मान राखणे, हाच यामागचा विचार.

आवाराबाहेरही काम विस्तारत गेले. घोडेगावजवळ गिरवली येथे संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये कार्यरत झाली. गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेगळा काढायचा, यावर प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे १९९० च्या आसपास, फारसे कोणी लक्ष देत नव्हते तेव्हापासून काम केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रत्यक्ष टिपली गेली, तेव्हा त्या दीर्घ तपाचे चीज झाले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे होऊ घातलेल्या, अशा लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पात आयुका आज एक प्रमुख भागीदार आहे.

पुढची जबाबदारी

या वास्तूमागचे तिन्ही शिल्पकार आता आपल्यात नाहीत. चार्ल्स कोरिया २०१५ मध्ये गेले, प्रा. यशपाल २०१७ मध्ये आणि डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी. त्यांचे ऋण मानणे हे आपले पहिले कर्तव्य. दुसरे कर्तव्य वास्तूविषयीचे, आणि ते अधिक कष्टाचे आहे.

विसाव्या शतकातल्या उत्तम इमारतींना आपल्याकडे अजून वारसा म्हणून पुरेसे संरक्षण नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील राज रेवाल यांचे राष्ट्र सभागृह एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. वास्तू जुनी झाली म्हणून लोक तिला जपतात, पण ती जुनी होईपर्यंत तिला टिकू द्यावे लागते. आयुकाच्या बाबतीत हा धोका रोजच्या छोट्या निर्णयांतून येऊ शकतो. नवी प्रयोगशाळा हवी, जागा अपुरी पडते, मग एखादी ओसरी बंदिस्त होते. तुटलेल्या कडप्प्याच्या जागी बाजारात मिळेल ती फरशी बसते. वातानुकूलनाची यंत्रे भिंतीबाहेर लोंबू लागतात. प्रत्येक बदलाला त्या वेळी सबळ कारण असते, आणि वीस वर्षांनी चौक हरवलेला असतो.

म्हणून तीन गोष्टी ठरवाव्यात असे वाटते. मूळ आराखडे, नकाशे आणि बांधकामाच्या काळातली छायाचित्रे एकत्र करून त्यांचे रीतसर दप्तर व्हावे. दगड, दरजा, गळती, झाडांची मुळे यांची पाहणी दरवर्षी व्हावी आणि दुरुस्ती मूळ दगडातच करण्याचा दंडक असावा. नवी बांधकामे होतीलच, विज्ञान वाढते तशी संस्थाही वाढणार. पण नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना पहिला प्रश्न असा विचारला जावा, की या इमारतीत काम करणारा माणूस दिवसातून एकदा तरी कुंडापाशी येईल का? याचे उत्तर 'नाही' असेल, तर तो नकाशा परत पाठवावा. देशातल्या दूरच्या महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापकाला पहिल्याच दिवशी कोणीतरी भेटावे यासाठी ही संस्था निघाली. ते काम हा चौक आजवर चोख करत आला आहे. तो तसाच करत राहील याची काळजी घेणे आता आपल्या हाती आहे.